डी नदीवर फेब्रुवारी-मार्चमधील सॅमन मासेमारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे स्कॉटलंडच्या ईशान्येकडील डी नदीपुरती मर्यादित आहेत. केर्नगॉर्म पर्वतात, ब्रेरिआखच्या पठारावर सुमारे १,२२० मीटर उंचीवर उगम पावणारी ही नदी ब्रेमार, बॅलटर, अबॉइन आणि बँकरी या गावांवरून सुमारे १४० किलोमीटर वाहत ॲबर्डीनला समुद्रास मिळते. स्पे, टे आणि ट्वीड या नद्यांचे हंगाम आणि काही नियम वेगळे असल्याने खालील माहिती तिकडे जशीच्या तशी लावू नये.

हंगाम नेमका कधी सुरू होतो?

डी नदीवर सॅमनचा हंगाम १ फेब्रुवारी ते १५ ऑक्टोबर असा असतो. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमनसाठी गळ टाकणे बेकायदा आहे, त्यामुळे १ फेब्रुवारी रविवारी आली तर, जशी ती २०२६ मध्ये आली, हंगामाचा पहिला दिवस सोमवारी उजाडतो. येथे या दिवसांना वसंताचा हंगाम म्हणण्याची रीत असली, तरी हवामानाला ते मान्य नसते. ब्रिटनमधील आजवरचे नीचांकी तापमान, उणे २७.२ अंश सेल्सिअस, याच नदीकाठच्या ब्रेमारमध्ये दोनदा नोंदले गेले आहे, आणि त्यांपैकी एक नोंद ११ फेब्रुवारी १८९५ची, म्हणजे आजच्या हिशेबाने हंगाम सुरू झाल्यानंतरची आहे. दरवर्षी एवढा गारठा पडत नाही. परंतु पहाटे उणे पाच-सहा अंश आणि दुपारी जेमतेम दोन-तीन अंश हे फेब्रुवारीत नवलाचे नाही.

इतक्या थंडीत मासे नदीत येतातच कशाला?

अटलांटिक सॅमन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि प्रजननासाठी पुन्हा जन्मनदीत परततो. जे मासे समुद्रात दोन किंवा अधिक हिवाळे काढून वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच नदीत शिरतात, त्यांना येथील मच्छीमार ‘स्प्रिंगर’ म्हणतात. हे मासे अंडी घालतात थेट शरद ऋतूच्या अखेरीस, म्हणजे आठ-दहा महिने ते नदीत नुसते थांबून राहतात आणि त्या काळात काही खात नाहीत. समुद्रात साठवलेल्या चरबीवरच ते तग धरतात. यातील बरेचसे मासे नदीच्या वरच्या, डोंगराळ उपनद्यांमधले असतात. तेथील पाणी अधिक थंड असल्याने अंड्यांची वाढ सावकाश होते, म्हणून तेथे प्रजननही लवकर होते, आणि तिथवर पोहोचायचे अंतरही मोठे असते. लवकर येण्याचा हा स्वभाव काही अंशी आनुवंशिक असल्यामुळे वरच्या उपनद्यांतील मासे कमी झाले, तर त्यांची जागा उन्हाळ्यात येणारे मासे आपोआप भरून काढत नाहीत. डी नदीच्या लौकिकाचा आणि तिच्याविषयी आज वाटणाऱ्या काळजीचा उगम एकाच ठिकाणी आहे, तो येथे.

थंड पाण्यात मासा कुठे शोधावा?

या प्रश्नाचे उत्तर तापमापीकडे आहे. गळ टाकण्यापूर्वी पाण्याचे तापमान घेणे ही फेब्रुवारीतली पहिली कृती असायला हवी, आणि माझ्या मते रॉडपेक्षाही तापमापी आधी विकत घ्यावी. सॅमनच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. पाणी साधारण पाच अंशांखाली असले, की धबधबे, बंधारे आणि जोरदार खळाळ ओलांडून वर जाण्याची त्याची तयारी फारशी नसते. म्हणून कडक हिवाळ्यानंतर पहिल्या आठवड्यांत ताजे मासे बँकरीच्या आसपास आणि त्याखालच्या बीटांवर अधिक थांबलेले असतात. हिवाळा सौम्य गेला असेल, तर मात्र तेच मासे फेब्रुवारीतच अबॉइन किंवा त्याच्याही वर पोहोचलेले असू शकतात. बीट म्हणजे नदीचा असा पट्टा, ज्यावरील मासेमारीचा हक्क एखाद्या मालकाकडे असतो. त्यामुळे आरक्षण करताना केवळ बीटचे नाव किती मोठे आहे हे न पाहता त्या हिवाळ्यात पाणी कसे राहिले हे विचारून घ्यावे.

एकाच डोहातही मासा कुठेही उभा राहत नाही. तीन-चार अंशांच्या पाण्यात तो धारेशी झुंजत बसत नाही. संथ, खोल, माणसाच्या सावकाश चालीने पुढे सरकणारे पाणी त्याला पसंत पडते. डोहाच्या तोंडाशी पांढरे फेसाळणारे पाणी, जेथे जून महिन्यात हमखास मासा असतो, ते या दिवसांत सोडून द्यावे आणि डोहाच्या मध्यापासून शेपटीपर्यंतचा भाग अधिक चिकाटीने धुंडाळावा.

कोणता फ्लाय वापरावा, आणि किती खोल?

मोठा, जड आणि सावकाश. डी नदीवर फ्लायनेच, म्हणजे गळावर किंवा नळीवर केस-पिसे बांधून केलेल्या कृत्रिम आमिषानेच, मासेमारी करण्याची रीत आहे. फेब्रुवारीत पितळी किंवा तांब्याच्या नळीवर बांधलेले दीड ते अडीच इंचांचे ट्यूब फ्लाय चालतात. काळा, पिवळा आणि नारिंगी रंग असलेला ‘विली गन’ हा त्यांतला सर्वांत परिचित. दोन्ही हातांनी चालवायचा १४ ते १५ फुटांचा रॉड आणि बुडणारी लाइन किंवा बुडणारे टोक लावलेली लाइन असली, की सामान पुरेसे झाले.

फ्लाय प्रवाहाच्या खालच्या अंगाला, सुमारे ४५ अंशांच्या कोनात पलीकडे टाकावा. लाइन पाण्यावर पडताच तिचा मधला भाग वरच्या अंगाला उचलून ठेवावा, म्हणजे धार तिला ओढून नेत नाही आणि फ्लाय बुडायला वेळ मिळतो. मग हात स्थिर ठेवून तो सावकाश काठाकडे झुलत येऊ द्यावा, शेवटी काही क्षण तसाच लोंबकळू द्यावा, आणि पुन्हा टाकण्यापूर्वी खालच्या दिशेने एक पाऊल सरकावे. थंड पाण्यातला मासा फ्लायमागे लांबवर धावत नाही, तेव्हा तो त्याच्या नाकासमोरून जायला हवा.

मासा लागल्याचा झटकाही या दिवसांत फसवा असतो. ओढ बसत नाही. झुलत आलेली लाइन एकाएकी थांबते, एखाद्या दगडात अडकल्यासारखी, आणि दोन-तीन सेकंदांनंतर तो दगड हलू लागतो. थांबताच हिसका देणारा नवखा मच्छीमार फ्लाय माशाच्या तोंडातून काढून घेतो. लाइन ताणू द्यावी, वजन नीट जाणवल्यावरच रॉड उचलावा.

पाणी नऊ-दहा अंशांवर गेले, की ही सगळी पद्धत उलटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आर्थर वुड यांनी याच नदीवरील केर्नटन बीटवर रेशमी लाइनला वंगण लावून, ती तरंगती ठेवून, छोट्या फ्लायने अगदी पृष्ठभागाजवळ मासेमारी करण्याची पद्धत विकसित केली आणि ती पुढे जगभर गेली. मात्र ती एप्रिल-मेच्या पाण्याची पद्धत आहे. फेब्रुवारीत डी नदीवर येऊन वुड यांचे अनुकरण करणारे बहुधा हात हलवत परत जातात.

रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ साठतो, काय करावे?

लाइन पाण्यातून ओढली, की तिच्यासोबत आलेले थेंब कड्यांत गोठतात. सर्वांत टोकाच्या कड्यात प्रथम दुधट काचेसारखी कडा दिसते, पाच-सहा फेकींनंतर भोक निम्मे होते, आणि मग लाइन करकरत अडते. त्या क्षणी मासा लागला, तर तो लाइन ओढू शकत नाही आणि दोरा तुटतो. म्हणून कडी बुजण्याची वाट पाहत बसू नये.

बर्फ नखाने खरवडणे किंवा रॉड वाकवून फोडणे हा कार्बन रॉडचे टोक मोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. रॉडचा वरचा भाग नदीत बुडवून अर्धा मिनिट धरावा. दोन अंशांचे पाणीही बर्फापेक्षा उबदारच असते. कड्यांना ग्लिसरीन किंवा ओठांचे मलम लावल्याने थोडा वेळ मिळतो, थोडाच. खरा उपाय म्हणजे लाइन कमी हलवणे : एकच, माफक लांबी बाहेर काढून ठेवावी आणि प्रत्येक फेकीत ती हाताने आत ओढून पुन्हा सोडण्याऐवजी तेवढ्याच लांबीने फेकत राहावे. लांब फेकण्याची हौस मार्चअखेरीसाठी राखून ठेवावी.

‘ग्रू’ म्हणजे काय, आणि बर्फ वितळल्यावर मासे लागतात का?

रात्री कडाक्याची थंडी पडली, की नदीत बारीक बर्फाचा लगदा तयार होऊन पृष्ठभागावरून वाहू लागतो. येथील लोक त्यास ग्रू म्हणतात. ग्रू वाहत असताना लाइन बुडतच नाही, लगद्यावरून घसरत जाते, त्यामुळे त्या वेळात चहा घेणे हेच शहाणपणाचे. बहुतेक दिवशी ऊन वर आल्यावर अकरा-बाराच्या सुमारास पाणी मोकळे होते. ॲबर्डीनजवळ फेब्रुवारीच्या आरंभी सूर्योदय आठनंतर आणि सूर्यास्त साडेचारच्या सुमारास होतो, तेव्हा एकूण दिवसच लहान असतो. त्यातही दुपारी पाणी अर्धा-एक अंश तापते तो काळ सर्वांत आशादायक. सकाळी सातला काठावर जाऊन उभे राहण्यात काहीही मिळत नाही.

बर्फ वितळण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हवा उबदार झाली, की केर्नगॉर्मवरचे बर्फ वितळून नदीत उतरते आणि गंमत म्हणजे हवा तापत असताना पाणी थंड होते. असे बर्फाचे पाणी चढत असताना मासे तोंड उघडत नाहीत, असा येथील गिलींचा, म्हणजे बीटवर मच्छीमारांसोबत राहणाऱ्या वाटाड्यांचा, अनुभव आहे. पातळी स्थिरावून हळूहळू उतरू लागली आणि तापमान पुन्हा चढणीला लागले, की परिस्थिती सुधारते. स्कॉटलंडच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे सेपाने, नदीवर बसवलेल्या मापनकेंद्रांची पातळी इंटरनेटवर पाहता येते. घरून निघण्यापूर्वी ती पाहावी. डी नदी किती झपाट्याने चढू शकते, हे ३० डिसेंबर २०१५ रोजी फ्रँक वादळात बॅलटर गावाने पाहिले. त्या दिवशी गावाचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता.

पाण्यात उतरणे कितपत धोकादायक आहे?

निष्काळजीपणा केला तर जिवावर बेतण्याइतके. तीन अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटात ताब्यात राहत नाही. या शीतधक्क्यातच अनेक जण नाकातोंडात पाणी जाऊन बुडतात. त्यातून सावरला, तरी पुढच्या काही मिनिटांत बोटांतली आणि दंडांतली ताकद जाऊ लागते. शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरायला त्यानंतर वेळ लागतो, परंतु तोवर काठ पकडण्याचे बळ उरलेले नसते. म्हणूनच पोहता येते या भरवशावर राहू नये. आपोआप फुगणारे जीवरक्षक जाकीट, कमरेला घट्ट पट्टा आणि आधाराची काठी या तीन वस्तूंवाचून पाण्यात पाऊल टाकू नये.

काठालगत बर्फाची पातळ कपार तयार झालेली असते. तिच्यावर उभे राहू नये. काठीने ती फोडून तळ दिसल्यावरच पाय टाकावा. गुडघ्याच्या वर जाण्याची गरज या दिवसांत सहसा पडत नाही, कारण मासे पुष्कळदा आपल्या समजुतीपेक्षा काठाजवळ असतात. पडलातच, तर उभे राहण्याची धडपड न करता पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि तिरके काठाकडे सरकावे. वेडरमध्ये, म्हणजे पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक विजारीत, पाणी भरले की माणूस खाली ओढला जातो, ही समजूत चुकीची आहे. आतल्या पाण्याचे वजन बाहेरच्या पाण्याएवढेच असते. बाहेर चढताना मात्र ते ओझे भारी पडते. आणीबाणीत ९९९ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा, आणि फोन जलरोधक पिशवीत, छातीवरच्या खिशात असावा.

आणखी एक गोष्ट : डी नदीच्या तळाशी गोड्या पाण्यातील मोत्यांचे शिंपले आहेत. त्यांना कायद्याने पूर्ण संरक्षण आहे आणि त्यांची पिल्ले जीवनाचा पहिला काळ सॅमन-ट्राउटच्या लहान माशांच्या कल्ल्यांना चिकटून काढतात. काळसर, अर्धवट रुतलेले शिंपले दिसले, तर तेथून चालू नये.

कपडे कोणते घालावेत?

अंगालगत लोकर, तिच्यावर फ्लीस, वर वारा व पाणी अडवणारे जाकीट. सुती कपडा कोणत्याही थरात नको, कारण तो भिजला की ऊब संपली. बुटात दोन जाड मोजे कोंबल्याने पाय अधिक गारठतात. रक्ताभिसरणाला जागा हवी, म्हणून बूट एक माप मोठा घ्यावा. बोलताना जीभ जड होऊ लागली किंवा साधी गाठ बांधता येईनाशी झाली, तर थंडी मर्यादेबाहेर गेली आहे असे समजून लगेच झोपडीत जावे. बहुतेक बीटांवर शेगडी असलेली मासेमारीची झोपडी असते.

जाळीत आलेला मासा ताजा स्प्रिंगर आहे की केल्ट, हे कसे ओळखावे?

मागच्या हिवाळ्यात अंडी घालून समुद्राकडे परतणारा मासा म्हणजे केल्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताज्या माशांपेक्षा केल्ट पुष्कळदा अधिक लागतात, आणि त्यांतले काही चांगले चंदेरी झालेले असल्यामुळे नवख्यांची हमखास गफलत होते. रंगावर जाऊ नये. माशाला पाण्यातच ठेवून, जाळीत आडवा धरून, वरून पाठ पाहावी : स्प्रिंगरची पाठ रुंद आणि भरीव असते, तर केल्टचे डोके शरीराच्या मानाने मोठे वाटते आणि डोक्यामागे पाठ एकदम अरुंद होते. पोटाखालचे छिद्र सुजलेले व लालसर असेल, शेपटीच्या कडा झिजलेल्या असतील आणि कल्ल्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट परजीवी चिकटलेले दिसतील, तर तो केल्ट. उलट अंगावर लांब शेपट्यांच्या समुद्री उवा असतील, तर मासा एक-दोन दिवसांपूर्वीच समुद्रातून आलेला आहे, कारण गोड्या पाण्यात त्या लवकरच गळून पडतात.

केल्टकडे तुच्छतेने पाहण्याची जुनी सवय अजून पुरती गेलेली नाही. त्यांतले थोडेच, आणि बहुतांशी माद्याच, पुन्हा प्रजननासाठी परततात. त्या थोड्यांसाठी तरी केल्टलाही स्प्रिंगरइतक्याच हळुवारपणे सोडायला हवे.

पकडलेला मासा घरी नेता येतो का?

नाही. २०१५ पासून संपूर्ण स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलपूर्वी गळाला लागलेला प्रत्येक सॅमन सोडून देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि डी नदीवर तर हंगामभर सॅमन सोडण्याचा संकेत त्याच्याही आधीपासून पाळला जातो. गळाने पकडलेला सॅमन विकण्यास बंदी आहेच. सुपरमार्केटमध्ये मिळणारा स्कॉटिश सॅमन हा पश्चिम किनारा आणि बेटांवरील मत्स्यशेतीतला असतो. जेवणाची सोय तेथून करावी.

मासा सोडतानाही थंडीचा विचार करावा लागतो. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर असल्याने सोडलेला मासा जगण्याची शक्यता उत्तम असते, परंतु हवा शून्याखाली असेल तर बाहेर काढलेल्या माशाचे कल्ले आणि डोळे काही सेकंदांत गोठू लागतात. बिनकाट्याचा गळ आणि बिनगाठींची जाळी वापरावी, हातमोजे काढून ओल्या हातांनी धरावे, छायाचित्र मासा पाण्यात असतानाच घ्यावे, आणि तो स्वतःहून शेपटी मारेपर्यंत त्याचे तोंड प्रवाहाकडे धरून ठेवावे.

परवाना लागतो का?

इंग्लंडप्रमाणे सरकारी रॉड परवाना स्कॉटलंडमध्ये, सीमेवरील बॉर्डर एस्क नदीचा अपवाद वगळता, लागत नाही. मात्र बीटच्या मालकाची लेखी परवानगी, म्हणजे व्यवहारात दिवसाचे किंवा आठवड्याचे परमिट, नसेल तर तो गुन्हा ठरतो. फेब्रुवारी-मार्चचे दिवस मेच्या मानाने बरेच स्वस्त मिळतात.

गिली घ्यावा का?

पहिल्याच खेपेला येत असाल, तर अवश्य. कोणत्या पातळीला कोणता डोह चालतो आणि कोणत्या दगडापुढे पाय टाकू नये हे त्याला वर्षानुवर्षांच्या सहवासाने ठाऊक असते. वाऱ्याचाही हिशेब तोच सांगतो : वारा नदीच्या खालच्या दिशेने वाहत असेल तर डबल स्पे आणि वरच्या दिशेने असेल तर सिंगल स्पे पद्धतीने (या लाइन मागे लांब न उडवता पाण्यावरून वळवून फेकण्याच्या पद्धती आहेत) लाइन फेकली, तरच जड ट्यूब फ्लाय तुमच्या कानापासून दूर राहतो. दिवसअखेर त्याला बक्षिसी देण्याची पद्धत आहे.

मासा लागण्याची शक्यता किती?

कमी. आठवडाभर राबून एकही ताजा मासा न लागणे येथे अपवाद मानले जात नाही. १९५२ पासून ठेवल्या जाणाऱ्या नोंदींनुसार २०२३ हे स्कॉटलंडमधील गळाने पकडलेल्या सॅमनचे सर्वांत नीचांकी वर्ष ठरले, आणि त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनचा समावेश आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने संकटग्रस्त वर्गात केला. कारणे समुद्रात आहेत तशीच नदीतही आहेत. वरच्या उपनद्यांचे काठ उघडे असल्यामुळे उन्हाळ्यात पाणी तापते. त्यावर उपाय म्हणून डीच्या खोऱ्यात काठाने मोठ्या प्रमाणावर झाडे लावली जात आहेत. मासा मिळालाच पाहिजे अशा हिशेबाने पैसे मोजणार असाल, तर फेब्रुवारीत येऊ नये, असे स्पष्ट सांगणे बरे.

मुंबईत ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळणारा रावस याचाच भाऊबंद आहे का?

नाही. रावस हा उष्ण किनारी समुद्रातला, मिशांसारखे तंतू असलेल्या माशांच्या कुळातला मासा आहे, आणि त्याचे सॅमनशी जवळचे नाते नाही. रावसाच्या गरी-दोरीचा अनुभव डी नदीवर फारसा उपयोगी पडत नाही. थंडीत तासन्‌तास उभे राहण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

नॉर्वेहून थेट येत असल्यास सामान तसेच वापरता येईल का?

मुळीच नाही. नॉर्वेतील काही नद्यांमध्ये जायरोडॅक्टिलस सॅलरिस हा सूक्ष्म परजीवी आहे, ज्याने तेथील सॅमनच्या पिल्लांचा मोठा संहार केला. ब्रिटनमध्ये तो अद्याप आलेला नाही. वेडर, बूट, जाळी आणि लाइन निर्जंतुक करून पूर्ण वाळवावी. बीटवर त्याबद्दल विचारणा झाल्यास ती गंभीरपणे घ्यावी.

रस्ता बंद झाला किंवा नदी गोठली, तर पैसे परत मिळतात का?

सहसा नाही, काही बीट दुसरी तारीख देतात, काही देत नाहीत, म्हणून आरक्षणाच्या अटी आधीच लेखी घ्याव्यात. ॲबर्डीनहून बँकरी-बॅलटरकडे येणारा ए९३ रस्ता खालच्या भागात बहुधा चालू असतो. दक्षिणेकडून ग्लेनशीमार्गे येणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की हाच रस्ता केर्नवेल खिंडीत सुमारे ६७० मीटर उंचीवरून जातो आणि हिमवर्षाव झाला की त्यावरील फाटके बंद केली जातात. अशा वेळी पर्थहून डंडीमार्गे किनाऱ्याने ॲबर्डीन गाठावे, आणि तेवढा वेळ प्रवासाच्या आखणीत आधीच धरून ठेवावा.